शिरोरेषा वाकडी दिसू लागली तर



16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी घाटकोपरच्या शिवारातून गेली. 1950 साली हे गाव बृहन्मुंबईत आले आणि 8 जून 2014 पासून वर्सोव्याची मेट्रो इथे येऊन थांबते. पण घाटकोपरचा माझ्या लेखी सर्वांत मोठा मान चिरागनगरचा. 1920 साली वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ साठे अनेक वर्षे तिथल्या झोपडीत राहिले. त्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची. अक्षरओळख झाली ती मुंबईत, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत. त्याच माणसाने 1959 साली मराठीला ‘फकिरा’ ही कादंबरी दिली. आजच्या परिषदेच्या विषयाशी, म्हणजे म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजाराशी, त्यांचा थेट संबंध नाही, हे मान्य. तरीही पाट्यांवरून अक्षरे शिकलेला लेखक ज्या वस्तीत राहिला, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला पाटी वाचता येईनाशी होत असेल, तर ते दुखणे आपल्या गावाचे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की मोतीबिंदूने आपल्याला लावलेली सवय पडद्याच्या आजारात घात करते. 1976 साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव शिबिरे झाली, लाखो लोकांना पुन्हा दिसू लागले. त्या यशातून घराघरांत एक वाक्य रुजले: ‘पिकू दे, मग काढू.’ मोतीबिंदूत थोडे थांबले तरी भिंग बदलून नजर बहुधा परत येते. वार्धक्यात पडद्याच्या मध्यावरचा पीतबिंदू झिजतो, तेव्हा हा हिशेब चालत नाही. त्यातल्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात, आणि शेवटी तिथे व्रण धरतो. गेलेला मध्य मग परत मिळत नाही. बाजूची नजर शाबूत राहत असल्याने असा माणूस स्टेशनचा पूल कुणाला धक्का न लावता ओलांडतो, पण इंडिकेटरवरचा आकडा आणि समोरून हाक मारणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘चालता-फिरता येतंय, मग आंधळे कसे?’ महिने जातात ते इथेच.

यावर कुणी म्हणेल, आधी मोतीबिंदू संपवा. आक्षेप वजनदार आहे. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. पण त्याच शिबिराच्या टेबलावर पडदाही तपासता येतो, त्यासाठी दुसरा मांडव घालावा लागत नाही. शिवाय पडदा न पाहता केवळ भिंग बदलले, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पेपर वाचता येत नाही आणि दोष सर्जनच्या माथी येतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, हे खरे. मात्र मुळात कर्करोगावरचे बेव्हासिझुमॅब हे स्वस्त औषध महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे काम करते, असे 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत दिसले, आणि 2015 पासून रॅनिबिझुमॅबचे भारतीय जैवसमरूपही मिळते. कोरड्या प्रकारात ही इंजेक्शने कामाची नाहीत, पण विडी-सिगारेट सोडणे, मोठ्या भिंगाचा आधार आणि नियमित तपासणी यांनी उरलेली नजर कामी लावता येते. तेव्हा ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देणे मला मान्य नाही.

खूण ओळखायला यंत्र लागत नाही. एक डोळा झाका आणि मराठी मथळ्याची शिरोरेषा पाहा. ती मध्येच वाकली, तुटली किंवा खिडकीचा सरळ गज लाटेसारखा दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो, म्हणून एकेक डोळा. याच तपासणीसाठी आपल्या पिशवीत अ‍ॅम्सलरचा चौकटींचा कागद ठेवला आहे, तो घरी भिंतीवर लावावा.

आता व्यवस्थेबद्दल. महात्मा गांधी रोडच्या गर्दीत वाहने लावायला जागा अपुरी पडली, काही पाहुण्यांना लांबून चालत यावे लागले, उद्वाहन छोटे असल्याने रांग लागली. या सर्वांबद्दल स्वागत समिती मनापासून क्षमा मागते. मंडप, ध्वनिक्षेपक, दोन वेळचे भोजन आणि दूरच्या पाहुण्यांची निवास व्यवस्था इथल्या व्यापाऱ्यांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि महिला मंडळांनी उचलली, तीही नाव छापू नका या अटीवर. जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी चिकटवणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींचे ऋण मोठे आहे. कार्यक्रमपत्रिकेचे अक्षर मात्र बारीक छापले गेले. आजच्या परिषदेत ही चूक व्हायला नको होती. ठळक अक्षरातल्या प्रती काल रात्री पुन्हा छापून घेतल्या आहेत, त्या प्रवेशद्वाराच्या डाव्या टेबलावर आहेत. कृपया संकोच न करता मागून घ्याव्यात.