हाताने बनवलेला क्यू: कारागीर निवडण्याआधी

मी जामहून बोलतोय. नागपूरहून येताना जिथं चंद्रपूरचा फाटा फुटतो ना, तेच जाम. आपल्यासमोरून जाणारा हा जुना सात नंबरचा हायवे मागं जबलपूरहून येतो, आणि 1875 साली स्नूकरचा जन्म जबलपूरच्याच इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. म्हणजे हा खेळ तसा आपल्याच रस्त्यावरचा.

आजचा विषय: कस्टम क्यू कोणाकडून बनवून घ्यायचा? मी स्वतः सध्या याच पेचात आहे. वर्षभराची बचत आहे आणि बाबांचा प्रश्न आहे, "एवढ्या पैशाची काठी? सोन्याची हाय का?"

आधी माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी फोटो बघून एक क्यू मागवला. मेसेजमध्ये लिहिलं काय, तर "बट काळ्या एबनीचा, दिसायला भारी पाहिजे." आला तो खरंच भारी होता. पण वजन साडेएकोणीस औंस, आणि मला सवय साडेसतराची. लांबचा पॉट मारताना हात जड व्हायचा. आज तो पलंगाखाली पडून आहे. कारागिराची चूक शून्य. ऑफिसात रिक्वायरमेंट नीट लिहून दिल्याशिवाय मी कोडची एक ओळ लिहीत नाही, आणि इथं मात्र "भारी पाहिजे" लिहून मोकळा झालो.

म्हणून या वेळी कारागीर शोधायच्या आधी वही काढली. क्लबमध्ये ज्या क्यूने माझा हात बसतो, तो मोजला. लांबी 58 इंच, टिप साडेनऊ मिलिमीटर, बॅलन्स बटाच्या टोकापासून 17 इंचांवर. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा असतो, त्यामुळे टिपमधला अर्धा मिलिमीटरही हाताला जाणवतो.

मग लाकूड. शाफ्ट बहुतेक ॲश नाहीतर मेपलचा. ॲशवर बाणासारख्या रेषा दिसतात, नेम धरताना काहींना त्यांची मदत होते. मेपल गुळगुळीत, रेषा जवळजवळ नाहीतच. यात चांगलं-वाईट नाही, नजरेची सवय आहे. बटाचा एबनी म्हणजे आपल्या तेंदूच्या कुळातलं झाड. आपण पानं विडीला देतो, त्याच्या खोडाचा गाभाही काळाच असतो.

जोडाचंही तसंच. अखंड क्यूचा फील छान असतो, पण 58 इंचांची काठी घेऊन एसटीत चढून दाखवा! मधोमध जोड असलेला न्यायला सगळ्यात सोपा. मी थ्री-क्वार्टर घेणार.

आता कारागीर. लंडनच्या जॉन पॅरिसचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, रॉनी ओ'सुलिव्हन त्यांचा क्यू वापरायचा. थायलंडमध्येही हाताने उत्तम काम होतं. पण नाव मोठं म्हणून क्यू तुमच्या हाताचा होत नाही. स्टीफन हेंड्रीने सातही जागतिक विजेतेपदं लहानपणापासूनच्या एका स्वस्त क्यूने जिंकली. 2003 मध्ये तो विमानप्रवासात मोडला, तेव्हा त्याची खरी किंमत सगळ्यांना कळली.

मी तिघांना तोच मेसेज पाठवला, सगळी मापं लिहून. एकाने लगेच दर पाठवला. दुसऱ्याने सुंदर फोटो पाठवले. तिसऱ्याने उलट विचारलं: उंची किती? क्यू कुठं ठेवता? तिकडं उन्हाळा कसा असतो? मी म्हटलं, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि जुलैत भिंतीला ओल. तो म्हणाला, मग लाकूड पूर्ण मुरलेलंच घेतो, दोन महिने जास्त लागतील. आणि क्यू उन्हात गाडीत ठेवू नका, ॲशला अधूनमधून जवसाचं तेल लावा. जवस! आमच्या घरात चटणीला असतो तो.

त्याचा दर मधला आहे, नाव फारसं कोणाला माहीत नाही. मी त्यालाच होकार कळवलाय.

तुम्हीही दर विचारायच्या आधी आपली मापं लिहा, आणि समोरचा तुम्हाला काय विचारतो ते ऐका. बाबांना मी सांगितलं, सोन्याची नाही, मापाची आहे. ते म्हणाले, "मंग या बारीनं नीट मोजलं ना?"

मोजलंय बाबा. क्यू आला की त्याच्यावर एक भाग करू. तोवर खेळत राहा. भेटू.