जुन्या वर्तमानपत्रांत आपल्या बाया शोधताना

(साक्री येथे तालुक्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून.)



सकाळपासून आपण पोटगी, पोलीस ठाणे, वनपट्टे यांवर बोलतो आहोत. आता जेवणानंतर ही बाई जुन्या वर्तमानपत्रांवर काय बोलणार, असा प्रश्न काही जणींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. प्राध्यापकांनी करायचे काम ते, आपल्याला वेळ कुठे? म्हणून आधी या कामाची गरज का पडली ते सांगते आणि मग ते कसे करायचे ते सांगते.

नंदुरबारची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मुलांची मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी धारातीर्थी पडले. मास्तर ही गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास सांगायचे : पोलिसाने बंदूक मिरवणुकीतल्या मुलींवर रोखली आणि शिरीषकुमार म्हणाला, मला मार. पाचही मुलांची नावे आपल्याला येतात, आणि ती यायलाच हवीत. पण ज्यांच्यावर बंदूक रोखली होती त्या मुली कोण? त्या गोष्टीत त्यांचे काम एवढेच, की त्यांच्यामुळे मुलगा शूर ठरावा. त्या घरातून कशा निघाल्या, घरी परतल्यावर काय झाले, पुढे शिकल्या की लगेच त्यांची लग्ने लावून दिली, याबद्दल शाळेत आम्हाला कोणी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळाचे दिवस होते, भिल्ल शेतमजुरांच्या जमिनीचा आणि मजुरीचा लढा होता. त्यातूनच बायांनी दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न काढला, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. देशातल्या स्त्रीचळवळीचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत शहाद्याचे नाव येते. अंबरसिंग सुरतवंती यांचे नाव येते, बाहेरून आलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांची नावे येतात. मडकी फोडणाऱ्या मात्र बहुतेक वेळा ‘आदिवासी स्त्रिया’. त्या आंदोलनात असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी हे वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमनं नाव कोठे छापेल शे?” त्यांना राग आला नव्हता, त्या हसत होत्या. पण तो प्रश्न आपल्या वहीत लिहून ठेवायचा आहे. कारण त्या पिढीतल्या बाया आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत.

आता कामाकडे येते. वीस वर्षांपूर्वी जुनी वर्तमानपत्रे पाहायची म्हणजे पुण्या-मुंबईला जायचे, ओळखीचे पत्र न्यायचे, धुळकट बाडे उलटायची, आणि रात्री राहायचे कुठे हा प्रश्न वेगळाच. आपल्यातल्या किती जणींना घरून चार दिवस सुटका मिळाली असती? आज बरेच कागद संगणकावर आले आहेत आणि मोबाईलवरही दिसतात. हे बायांच्या दृष्टीने मोठे काम झाले आहे, ते आधी मान्य करू.

पैसे न देता पाहता येईल असे काय आहे? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून आहे. त्यात नाव नोंदवून सरकारी कागदपत्रे पाहता येतात. ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्हज’ हा दक्षिण आशियातल्या आणि परदेशातल्या ग्रंथालयांनी मिळून केलेला खुला संग्रह आहे, आणि स्त्रियांविषयीचे साहित्य हा त्याचा एक मुख्य विषय आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिकांचे अंक पुष्कळ सापडतात, मात्र तिथे कोणी कोणत्या नावाने काय चढवले आहे याचा भरवसा नाही, एकच पुस्तक तीन वेगवेगळ्या नावांनी असते. गूगलनेही २००८ साली जुनी वर्तमानपत्रे चढवायला सुरुवात केली होती. २०११ मध्ये ते काम थांबवले, पण त्यात इंडियन एक्स्प्रेसचे पुष्कळ जुने अंक आलेले आहेत.

टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८ पासूनचे अंक संगणकावर आहेत, पण ते पैशांच्या कुलपात. मोठ्या विद्यापीठांची ग्रंथालये वर्गणी भरतात, त्यांच्या विद्यार्थ्यांनाच ते दिसतात. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या बाईविषयी मुंबईत छापलेली बातमी साक्रीच्या बाईला दिसत नाही आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला दिसते. याच्याविरुद्ध बोलत राहायला हवे. पण तोवर उपाय हाच, की आपल्या गटातली कोणाची मुलगी किंवा भाची विद्यापीठात शिकत असेल तर तिला तारखांची यादी पाठवायची. ‘शहाद्यावर काय आहे ते बघ’ असे मोघम सांगितले तर तिच्याच्याने काही होणार नाही. तारखा द्या.

तारखांवर मी इतका जोर का देते? इंग्रजी छापील पान संगणक बऱ्यापैकी वाचतो, शब्द टाकला की ओळ सापडते. जुने मराठी पान त्याला नीट वाचता येत नाही. शिळाप्रेसवरची छपाई, पुसट शाई, तुटलेली जोडाक्षरे. ‘विधवा’ हा शब्द टाकला आणि काही आले नाही, म्हणजे त्या अंकात विधवांविषयी काही नाही असे मुळीच समजू नका. मराठी अंक तारीख धरून, पान पान उलटूनच वाचावा लागतो. म्हणून तारीख आधी दुसरीकडून काढायची : कोर्टाच्या निकालातून, सरकारी अहवालातून, कोणाच्या पत्रातून, किंवा म्हातारीच्या तोंडून. ती म्हणते, “दुष्काळानं सालले, पोळाना मागे पुढे.” एवढ्यावर महिना ठरतो. जुन्या मराठी अंकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते मार्चमधला अंक असेल तर ७९.

दुसरी गोष्ट, गावांची नावे. इंग्रजी कागदात धुळे सापडत नाही, ‘धुलिया’ टाकावे लागते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे त्यानंतरची आपली बातमी ‘पश्चिम खानदेश’मध्ये असते. आपल्या तालुक्याचे जुने नाव पिंपळनेर. नुसते साक्री शोधत बसलात तर निम्मे हातचे जाईल. आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, म्हणून शहाद्याची १९७२ ची बातमी धुळे जिल्ह्यात शोधायची.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाईला तिच्या नावाने शोधू नका. ती तिथे ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची विधवा’, ‘एक कुणबी स्त्री’, ‘भिल्लीण’ अशी असते. नवऱ्याचे नाव, गाव, गुन्ह्याचा प्रकार, विहीर, जळणे, काडीमोड या वाटांनी तिच्याकडे जावे लागते. कधी बाईच नाव लपवते. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, त्यावरून खटला चालला. त्यांनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे लिहिली, ती ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने. त्या वर्षीच्या अंकांत रखमाबाई हे नाव टाकून ती पत्रे हाती लागणार नाहीत. आणि त्याच खटल्यावर केसरी वाचा. तिथे रखमाबाई वेगळीच बाई दिसते, शिकून बिघडलेली. दोन्ही वाचल्याशिवाय त्या काळात बाईने ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय होती ते कळत नाही.

छापले ते खरे, असे आपण कधीच मानत नाही, मग शंभर वर्षांपूर्वी छापले म्हणून का मानायचे? ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांत बायांच्या चारित्र्याची जी धुणी धुतली गेली ती ताराबाईंनी वाचली आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून जाब विचारला. मला वाटते, वर्तमानपत्र कसे वाचावे याचा धडा घ्यायचा तर त्यांच्याकडूनच घ्यावा. कोण बोलतो आहे, कोणाविषयी, आणि गप्प कोण आहे, हे त्या विचारतात. पुढे त्यांचे पुस्तकही लोकांच्या नजरेआड गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले, म्हणून आज ते आपल्या हातात आहे.

आपल्या भागातल्या जुन्या पत्रांचे काय? धुळ्याहून ‘खानदेश वैभव’ निघत असे, जळगावहून ‘प्रबोधचंद्रिका’. मूळ अंक हाती लागत नाहीत तिथे एक आडवाट आहे. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवून असे. त्यात काय छापले जाते याचा इंग्रजी गोषवारा मुंबई सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला तयार करी. हे अहवाल मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि अशा अहवालांचे काही भाग महाजालावरही आले आहेत. पण लक्षात घ्या, सरकारला धोक्याचे किंवा कामाचे वाटले तेवढेच त्यात उतरले. सारा, दुष्काळ, जंगलखात्याचा जाच मिळेल. बाईला जाळल्याची बातमी भाषांतरकाराने बहुधा सोडूनच दिलेली असणार. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. दूरच्या संगणकावर शोधण्याआधी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या या दाराशी जाऊन यावे.

आता तुमच्या रोजच्या कामाचे. १८८० चे खानदेश गॅझेटिअर महाजालावर फुकट मिळते. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्यातल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, मोजणीचे अहवाल हे स्पष्ट लिहिलेले आहेत. गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही आहे. मात्र जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. तेव्हा पिंपळनेर तालुक्याच्या वर्णनाचे पान छापून फाईलला लावा आणि शेजारच्या म्हातारीचा जबाब घ्या. आपण नेहमी म्हाताऱ्याचाच घेतो. आणि पट्टा लग्न झालेल्यांच्या बाबतीत दोघांच्या नावे होतो, कलम ४(४) तसे सांगते. एकट्या बाईचे घर असेल तर तिच्या नावे. हे तुम्ही मला अनेकदा सांगितलेले आहे, पण अर्जात बाईचे नाव नीट लिहिलेले आहे का ते पुन्हा पाहाच.

वर्तमानपत्राचे कात्रण कोर्टात फार चालत नाही. बातमी म्हणजे ऐकीव गोष्ट, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली म्हटले आहे. पण कात्रणावरून तारीख कळते, पोलीस ठाणे कळते, आणि मग माहितीच्या अधिकारात नेमका कागद मागता येतो.

एका गोष्टीवर आपण आज मतभेद असले तरी बोलायला हवे. जुन्या बातम्यांत बलात्कार झालेल्या मुलीचे नाव, गाव, बापाचे नाव सगळे छापलेले असते. मथुरेच्या खटल्यानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ च्या दुरुस्तीने अशी ओळख छापायला बंदी आली. त्याआधीच्या बातमीतले नाव आज आपण पुस्तिकेत छापावे का? मुकादमांच्या, सावकारांच्या बळींची नावे लपवली तर इतिहास पुन्हा बिननावाचा होतो, असे काही मैत्रिणींचे म्हणणे आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही. मडकी फोडणारीचे नाव शोधून छापायचे, तेही तिला विचारून. जिच्यावर अत्याचार झाला तिच्या नातवंडांना आजही त्याच गावात राहायचे आहे. संगणकावरचे पान तर एका बोटाने गावभर फिरते. तीच सावधगिरी ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून छापलेल्या बातम्यांबाबत. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळावर शिक्का मारला, त्यांच्या बाया-मुलांची चोर म्हणून छापलेली नावे आपण पुन्हा का पसरवायची?

आणि हे काही फक्त जुने नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळवणारे समजून ठार मारली गेली. मोबाईलवरच्या अफवेने. त्या आठवड्यातली जिल्हा पाने तुमच्यापैकी कोणाकडे आहेत? मुंबईच्या अंकात दोन-चार दिवस बातमी आली. स्थानिक पानांवर काय आले, त्या पाच घरांतल्या बायांविषयी कोणी काही लिहिले का, हे पन्नास वर्षांनी पाहायचे तर कागद हवा. ई-पेपर कायम राहील असे समजू नका. जुनी पाने काढून टाकतात, नाहीतर पैसे मागतात. छापील अंक रद्दीत जातो. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून बायांचा इतिहास जपते, पण तिने साक्रीची जिल्हा पाने गोळा करावीत असे आपण कशाच्या जोरावर म्हणायचे?

तेव्हा ठरवू या ते असे. प्रत्येक गटाने एक वही आणि एक पेटी ठेवायची. कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहायचा. तारखेशिवायचे कात्रण म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. मोबाईलने फोटो काढताना आधी पूर्ण पान घ्यायचे, मग बातमी. शेजारी कोणती जाहिरात होती यावरूनही पुष्कळ कळते. मागच्या वीस वर्षांतली तुमच्या मोर्चांची, धरण्यांची कात्रणे घरातल्या ट्रंकांत असतील, कोणाकडे नवऱ्याच्या कागदांखाली असतील, ती पुढच्या बैठकीला आणा. दहिवेल आणि निजामपूरच्या गटांनी आधी आणावीत, त्यांच्याकडे जास्त आहेत. आणि १९७२ च्या आसपास तरुण असलेल्या बाया तुमच्या गावात कोण कोण आहेत, त्यांची माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही नावांसकट यादी करा. मडकी फोडली की नाही ते नंतर विचारू. नावे आधी.