लखनौचा एप्रिल आणि जबाबदारीचा प्रश्न

(लखनौ येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



महामारीशी मुकाबला चालू असताना सरकारला जाब विचारणे राष्ट्रहिताला बाधक ठरते, असा उपदेश २०२१ साली आपणांस वारंवार ऐकविण्यात आला. या शहराने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जे भोगले, त्याच्या कसोटीवर हा उपदेश घासून पाहू.

१२ एप्रिलला राज्याचे कायदामंत्री ब्रिजेश पाठक यांनी आरोग्यखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. लखनौचा इतिहास आयुष्यभर लिहिणारे पद्मश्री योगेश प्रवीण यांच्यासाठी त्यांनी स्वतः फोन केला होता, तरी रुग्णवाहिका वेळेवर आली नाही आणि प्रवीण गेले. मंत्र्याच्या शब्दाची ही किंमत, मग चारबाग स्टेशनवरच्या हमालाची काय कथा! काही दिवसांतच भैसाकुंड स्मशानाभोवती पत्रे ठोकण्यात आले. चिता दिसू नयेत, एवढ्यासाठी प्रशासन तत्परतेने हलले.

मुख्यमंत्री आदित्यनाथ १४ एप्रिलला स्वतः बाधित झाले, विलगीकरणातून बैठका घेत राहिले आणि बरे झाल्यावर जिल्हे फिरले. हे नाकारण्याचे कारण नाही. पण धडाडी आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौसह पाच शहरांत कडक निर्बंधांचा आदेश दिला. जीवाबरोबर उपजीविकाही वाचवायची आहे, असे सांगत सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने स्थगिती मिळविली. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२० च्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेले मजूर आपण पाहिले आहेत. परंतु त्याच महिन्यात १५, १९, २६ आणि २९ तारखांना पंचायत निवडणुकांचे मतदान झाले, ते कोणाच्या उपजीविकेसाठी? ३० एप्रिलची मुदत उच्च न्यायालयानेच घातली होती, हे खरे. मुदतवाढ मागण्याचे दार मात्र बंद नव्हते.

या निवडणुकीच्या कामावर शिक्षकांना जुंपण्यात आले. प्राथमिक शिक्षक संघाने १,६२१ मृत शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी सरकारपुढे ठेवली. मे महिन्यात खात्याने उत्तर दिले : मृत्यू तीन! हा आकडा नियमातून काढलेला होता. कामासाठी घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत जो मरेल, तोच कामावर मेला, असा तो नियम. मतदानकेंद्रावर विषाणू घेऊन आलेला शिक्षक आठवड्याने घरी किंवा इस्पितळाच्या दारात गतप्राण झाला, तर तो सरकारच्या हिशेबी कामावर मेलाच नाही. विषाणूला शरीरात पसरायला दिवस लागतात, हे जाणणाऱ्या सरकारने हा नियम पुढे केला. संघटना हटली नाही, गदारोळ झाला आणि सरकारला नियम बदलावा लागला : निवडणुकीच्या कामानंतर तीस दिवसांतील मृत्यू ग्राह्य, वारसांस ३० लाख रुपये. ज्यांची यादी करणारी संघटना नव्हती, त्या शेतमजुरांच्या व विटभट्टीवाल्यांच्या घरांना ही वाट मिळाली नाही.

प्राणवायूचा तुटवडा नाही, असे मुख्यमंत्री सांगत राहिले. अफवा पसरविणाऱ्यांवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्याचे आदेश सुटले. समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्यांची गळचेपी केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजू, असे ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला बजवावे लागले. साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, १८९७ चा. त्याचे चौथे कलम सद्भावनेने काम करणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देते. पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घरांत घुसत होते, तेव्हाच्या राज्यकर्त्यांना हे कलम सोयीचे होते; स्वतंत्र भारतातही ते तसेच राहिले. म्हणून अशा काळात जाब विचारण्याचे काम कोर्टावर सोपवून भागत नाही. ते विधिमंडळात, संघटनेत आणि मोहल्ल्यात करावे लागते.

२०२२ च्या निवडणुकीत हेच सरकार २५५ जागा घेऊन परतले. मार्चमध्ये उपमुख्यमंत्रिपद आणि आरोग्यखाते मिळाले ते ब्रिजेश पाठक यांना. १२ एप्रिलच्या पत्रातील प्रश्न आता त्यांनाच विचारायचे आहेत.