सही, शिक्का आणि शील

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागे विहारातल्या वाचनवर्गात एका मुलाने मला विचारले, "काका, आपल्या देशाने मानवी हक्कांचे एवढे आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेत. पाळायचे नसतात, तर देश ते मान्य करतात तरी कशाला?" मी गिरणीकामगार, वकील नव्हे. वाचून जे समजले ते सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. करारावर नुसती सही करणे म्हणजे सुपारी फुटणे. त्यानंतर देश रीतसर बांधून घेतो त्याला अनुसमर्थन म्हणतात. म्हणजे लग्न लागणे. छळाविरुद्धच्या करारावर भारताने १९९७ साली सही केली. सुपारी फुटली, लग्न अजून लागलेले नाही.

आता देश बांधून का घेतात? कारणे अनेक आहेत. काहींना ते तत्त्व मनापासून पटलेले असते. काहींना स्वतःच्याच उद्याची भीती असते. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्कराचे राज्य होते, हजारो माणसे गायब झाली. लोकशाही परत आली आणि १९८४ साली नव्या सरकारने अमेरिका खंडाचा मानवी हक्क करार मान्य केला. पुन्हा तसे राज्य आले तर त्याच्या हातात बेडी असावी, हा त्यातला हिशेब.

काहींना बाजार हवा असतो. युरोपात जकातीची खास सवलत हवी, तर मानवी हक्क, कामगार, पर्यावरण वगैरेंचे २७ करार मान्य करावे लागतात. पाकिस्तानने २०१० साली नागरी हक्कांचा आणि छळविरोधी करार मान्य केला आणि २०१४ पासून त्याच्या कापडाला ही सवलत मिळाली. आणि काहींना वाटते, कागदच तर आहे, कोण विचारायला येतो? जगात चार लोकांत मान मिळेल, बस.

मित्रहो, आता आपल्या घरची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या राजवटीविरुद्ध भारत १९४६ पासून युनोत भांडत होता. १९६५ साली वांशिक भेदभावाविरुद्धचा करार तयार झाला. त्याच्या व्याख्येत वंश आणि रंग यांच्या जोडीला 'डिसेन्ट', म्हणजे जन्माने मिळालेले कूळ, हा शब्द घालावा अशी सूचना कोणी केली? भारताच्याच प्रतिनिधीने! १९६८ साली भारताने हा करार मान्य केला. जगात ताठ मानेने उभे राहायचे होते, आणि बोट दुसऱ्याच्या घराकडे होते.

पण शब्द कागदावर राहिला. १९९६ साली कराराच्या समितीने जातीबद्दल विचारले, तेव्हा आपले सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय यात येत नाही. समितीने ते मानले नाही. २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपले कार्यकर्ते गेले, तिथेही सरकारने जातीचा विषय येऊ दिला नाही. २००२ साली समितीने लेखी सांगितले की कुळावरून होणाऱ्या भेदभावात जात येते. २००६ च्या डिसेंबरात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाशी केली; आणि दोनच महिन्यांनी, २००७ साली, जिनिव्हात सरकारचे जुनेच म्हणणे! घरात एक, दारात एक.

मग कोणी म्हणेल, कराराचा उपयोग काय? आता बघा. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार भारताने १९९३ साली मान्य केला. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर १९९२ साली अत्याचार झाला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ साली सुप्रीम कोर्टाने ह्याच कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी स्त्रियांच्या संरक्षणाचे नियम घालून दिले. २०१३ साली त्याचा कायदा झाला. करार मान्य करताना सरकारच्या मनात काय होते ते सरकारला ठाऊक. बायांनी आणि त्यांच्या वकिलांनी तो कागद कोर्टात नेला, म्हणून तो जिवंत झाला.

उलट बाजूही पाहा. संघटना स्थापण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांवर निर्बंध आहेत, हे कारण सांगतात. अहो, कागद जर निव्वळ कागदच असता, तर मान्य करायला एवढी वर्षे का लागावीत? गिरणीत आम्ही हेच पाहिले. जो मालक म्हणे "सही कशाला, माझा शब्द आहे ना," त्यालाच सहीची किंमत पक्की माहीत असे.

आपण इथे त्रिशरण-पंचशील घेतो. सगळे श्रद्धेनेच घेतात असे नाही. कोणी शेजारी उभा आहे म्हणूनही तोंड हलवतो. पण चारचौघांत शील घेतले, की उद्या त्याला बायको विचारू शकते, "सुरामेरयचं काय झालं?" देशाचेही तसेच आहे. मान्य का केले, हा त्याचा प्रश्न. विचारायचे की नाही, हा आपला.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे दिलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. अस्पृश्यही तसे करण्याच्या विचारात आहेत, असे त्यांनी कळवले होते. युनो तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

म्हणून माझे मागणे एवढेच. आपल्या विहाराच्या कपाटात संविधानाच्या शेजारी हे करार ठेवा. संविधानाचे ५१ वे कलम करारांच्या बंधनांचा आदर वाढवा असे राज्याला सांगते. आपल्या मुलांनी ते वाचावेत, आणि अत्याचाराची तक्रार लिहिताना कायद्याच्या कलमाखाली १९६८ च्या त्या मान्यतेचाही उल्लेख करावा. तो शब्द आपल्या देशानेच घातला आहे. आपण तो विसरलो, तर सरकारला विसरायला कितीसा वेळ लागणार?

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!