संगीतसूर्य केशवराव

(उज्जैनच्या भैरवगढ भागात मराठी रसिकांच्या मेळाव्यात आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काळभैरवाचे दर्शन घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. येताना वाटेत छिप्यांनी वाळत घातलेली बाटिकची कापडे पाहिली. मेणाने झाकलेल्या भागाला रंग शिवत नाही; मेण उतरले की तेवढीच नक्षी उजळून उठते. नटाविषयी बोलायला आलेल्या माणसाला ते पाहून वाटले की, काळ सर्वांवरच आपला रंग चढवतो. पण क्वचित एखादे आयुष्य असे असते की, शंभर वर्षांनंतरही त्याची रेघ पुसली जात नाही. केशवराव भोसले यांचे आयुष्य त्या जातीचे होते.

उज्जैन हे मराठी नाट्यरसिकाला परके गाव नव्हे. ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी येथे होती, हे इतिहास सांगतो. पण ज्याने इतिहासाचे पानही उलटलेले नाही, असा आमच्याकडील साधा प्रेक्षकसुद्धा देवलांच्या 'मृच्छकटिका'चे बोट धरून या नगरीत हिंडून आलेला असतो. चारुदत्ताचे दारिद्र्य त्याला शेजाऱ्याच्या दारिद्र्याइतके ओळखीचे असते. म्हणून आमच्या संगीत रंगभूमीच्या एका थोर नटाची कथा आपल्यापुढे मांडताना मला संकोच वाटत नाही.

शाळेविना शिक्षण

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले, घरी दारिद्र्य. ज्या वयात मुलांच्या हाती पाटी येते, त्या वयात हा मुलगा 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाला. रंगपट हीच त्याची शाळा. पुढे 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेत त्या बालनटाने प्रेक्षकांना जिंकले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख एक कोवळा मुलगाच रंगमंचावर मांडत होता. त्या अभिनयात शिकवणीपेक्षा सोसलेपण अधिक असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

त्यांचा आवाज उंच आणि धारदार, तान वेगवान. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाची तालीम त्यांना लाभली. लोकांनी त्यांना 'संगीतसूर्य' म्हटले, ते उगाच नव्हे.

हुबळीची मुहूर्तमेढ

1 जानेवारी 1908 रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली; आणि काढली कोठे? हुबळीस! सीमाभागाचा वाद मी या व्यासपीठावर आणणार नाही; त्याला दुसरी व्यासपीठे आहेत. परंतु एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही की, मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि त्या नाटकाला नवे वळण देणाऱ्या मंडळीचा पाळणा हलला तो हुबळीत. त्या मुलखात दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच ओसरीवर नांदत आल्या. कला नकाशाची रेघ पाहून जन्म घेत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

मंडळी काढणे सोपे, चालवणे कठीण. बिऱ्हाड पाठीवर, नटांचे पगार डोक्यावर, पाऊस लांबला की उत्पन्न बुडाले. अशा धंद्यात मालक जुनी, हमखास चालणारी नाटके धरून बसला तर त्याला कोण दोष देईल? केशवराव तसे बसले नाहीत. त्यांनी वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' रंगभूमीवर आणले. मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाला हाती धरून हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढणारे 'हाच मुलाचा बाप' केले. ज्या प्रेक्षकांच्या खिशातून तिकिटाचे पैसे यायचे, त्यांच्याच घरातील रूढीवर हा घाव होता. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माणसाने हे धाडस केले. नेपथ्यातही तेच. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या कोल्हापूरच्या कलावंतांचे पडदे त्यांच्या रंगमंचावर झळकले.

आठ जुलैची रात्र

त्या काळी रसिकांत दोन तट होते. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवरावांचा. आपला नट श्रेष्ठ ठरवण्यासाठी सभ्य माणसेही हमरीतुमरीवर येत. अशा वेळी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत या दोन मंडळ्यांनी मिळून 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. धंद्यातील दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका रात्रीसाठी आपापला मान बाजूला ठेवला आणि 'मानापमान' नावाचे नाटक केले, हा योग दैवानेच जुळवला म्हणायचा. चळवळीत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला त्या रात्रीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्यात दोन कार्यकर्ते एका पत्रकावर सही करताना कोणाचे नाव वर, यावरून रुसतात!

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत. 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले; वय अवघे एकतीस. पण मंडळी संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती 1937 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सांभाळली. केशवराव गेले त्याच वर्षी जन्मलेले त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुढे पुन्हा उभी केली आणि दीर्घायुष्यभर तिची सेवा केली. माझे आजोबा लहानपणी बापूरावांचे नाटक पाहून आले होते. ऐंशीव्या वर्षीही त्या रात्रीची गोष्ट सांगताना ते अंथरुणात उठून बसत.

राख आणि आठवण

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या पॅलेस थिएटरला 1957 मध्ये केशवरावांचे नाव दिले गेले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हार घेऊन येणारे लोक धुमसत्या भिंतींसमोर रडत उभे राहिले.

बंधुभगिनींनो, वास्तू पुन्हा बांधता येते. पैसा आणि इच्छा असली म्हणजे झाले. पण नटाची कला त्याच्याबरोबर जाते, आणि मागे उरतात ती कागदाची चिटोरी. माळव्यातील मराठी घरांतही जुन्या पेट्या असतील. त्यांत पिवळ्या पडलेल्या नाटकाच्या जाहिराती असतील, पदांच्या वह्या असतील, तबकड्या असतील. उद्या सकाळी त्या पेट्या उघडा. जे सापडेल त्यावर गाव, साल, कोणाचे, एवढे लिहून ठेवा आणि मुलांना दाखवा. वाळवी आणि आग कोणाच्या सवडीची वाट पाहत नाहीत.