घनाच्या अकरा घडणी
(केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



पाचवीच्या वर्गावर असताना मी एका मुलाच्या वहीत एक फुली मारली होती. आजचे माझे बोलणे त्या फुलीविषयी आहे. घनाची घडण म्हणून मी फळ्यावर क्रुसाची आकृती काढली होती : एका ओळीत चार चौरस आणि त्यांतील दुसऱ्याच्या दोहो अंगांस एकेक. त्या मुलाने मात्र दोन-दोन चौरसांच्या तीन पायऱ्या काढल्या, जिन्यासारख्या. मी फुली मारून मोकळा झालो. मधल्या सुट्टीत त्याने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून तीच आकृती कापली, दुमडली आणि पुरता घन करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. बोलला काहीच नाही.

सहा पृष्ठे, बारा कडा, आठ कोपरे हे आपली मुले घडाघडा म्हणतात. पण घन उलगडला तर काय होईल, हे त्यांना क्वचितच विचारले जाते. वास्तविक ही रीत जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली मापनविद्येवरील आपल्या ग्रंथात अनेक घनाकृती अशाच सपाट उलगडून दाखविल्या आहेत.

सहा समान चौरस बाजूला बाजू लावून जोडले, तर उलटसुलट करून सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानल्यावर ३५ निरनिराळ्या आकृत्या होतात. त्यांपैकी घन होतो तो केवळ ११ आकृत्यांचा. बाकीच्या २४ का फसतात, हा प्रश्न वर्गात अवश्य टाकावा. चार चौरस मिळून मोठा चौरस झाला असेल, तर घडी बसतच नाही. कारण घनाच्या कोपऱ्यात तीनच पृष्ठे भेटतात, चौथ्यास जागा नाही. पाच चौरस एका ओळीत असले, तर पाचवा पहिल्यावरच येऊन बसतो. ओळीत चार असून उरलेले दोन्ही एकाच अंगाला असले, तर त्या अंगाला दोन झाकणे आणि दुसरे अंग उघडे, अशी गत होते.

उलट, ओळीत चार असून एक वर व एक खाली असेल, तर तो कोठेही जोडा, घन होतोच. अशा घडणी सहा. मधल्या ओळीत तीन, एका टोकाशी बाहेर झुकलेली दोघांची जोडी आणि दुसऱ्या अंगाला एकटा चौरस, अशा तीन. तीन-तीनच्या दोन पायऱ्यांची एक, आणि दोन-दोनच्या तीन पायऱ्यांची एक, म्हणजे माझी फुली खाल्लेली. ही यादी मुलांना आधी सांगू नये. लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, कात्री आणि कणकेची खळ एवढे साहित्य पुरे. खरेखोटे घडीनेच ठरू द्यावे.

चिकटवताना एक गोष्ट मुलांच्या हातालाच कळते. घडण कोणतीही असो, सांधे सातच चिकटवावे लागतात. सहा चौरस एकसंध ठेवणाऱ्या घड्या पाच. घनाच्या कडा बारा. म्हणून उरल्या सात. घडणीची कड बाहेरून मोजली, तर ती चौदा बाजूंची भरते, कारण प्रत्येक सांध्यास दोन बाजू लागतात. एवढा हिशेब चौथीचे मूलही करते.

शेवटी एक खेळ सांगतो. सोंगट्यांच्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात असते. घडी घालण्यापूर्वीच, सपाट पुठ्ठ्यावर, मुलांना आकडे लिहावयास सांगावे. सरळ ओळीत एक आड एक चौरस समोरासमोर येतात, हे त्यांना लवकर उमगते. जिन्याच्या घडणीत मात्र बहुतेक जण अडखळतात. मीही अडखळलो होतो. तेथे जिना उतरत मोजले, तर पहिल्यासमोर चौथा, दुसऱ्यासमोर पाचवा आणि तिसऱ्यासमोर सहावा येतो. म्हणून क्रमाने १, २, ३ आणि पुढे ६, ५, ४ असे लिहावे. पुठ्ठे मी बरोबर आणले आहेत. कात्र्या पुढच्या बाकावर आहेत.