सोबत कोण जाणार?

आज आम्ही पाचजणी एकाच माईकसमोर दाटीवाटीनं बसलो आहोत. आम्ही एकाच बचत गटातल्या, आणि त्याच्याही आधी एकाच हॉकी संघातल्या. हॉकी म्हटल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या असतील. हसा. आमच्यात कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची कंबर धरलेली असते, त्यामुळं आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. पण तीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत मुलींचा हॉकी संघ होता, आणि त्या संघात एक मुलगी अशी होती, की तिच्यामुळं आम्हा बाकीच्यांना लोक ओळखायचे. २०२१ साली ती गेली. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

तिचं नाव आम्ही घेणार नाही. तिच्या मुलींना विचारूनच हे बोलतोय. आईची गोष्ट सांगा, पण नाव नको, असं त्या म्हणाल्या. मैदानावर आम्ही तिला ‘डावरी’ म्हणायचो. आजही तेच म्हणू.

ती डावखुरी होती. घरी त्यावरून लहानपणापासून बोलणी खायची. डाव्या हातानं वाढू नकोस, डाव्या हातानं पैसे देऊ नकोस, देवाला फूल वाहताना हात बदल. हॉकीत मात्र उलटंच निघालं. हॉकीची स्टिक तुम्ही नीट बघितली असेल, तर तिची एक बाजू सपाट असते आणि दुसरी गोल. चेंडू फक्त सपाट बाजूनं मारायचा. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं धरायची. डावा हात वर, उजवा खाली. आणि गंमत अशी, की स्टिक फिरवायचं काम त्या वरच्या डाव्या हाताचं. उजवा नुसता आधाराला. आम्हा उजव्या हाताच्या पोरींना महिनोन्‌महिने जे जमत नव्हतं, ते तिला आठ दिवसांत जमलं. चेंडू इकडून तिकडं, स्टिक सुलटी, उलटी, पुन्हा सुलटी. समोरची मुलगी नुसती पायाकडं बघत राहायची. ज्या हाताला घरात नावं ठेवली, त्याच हातानं तिला मैदानावर नाव मिळवून दिलं.

आमचं मैदान म्हणजे मुरूम. पडलं की ढोपर सोलून निघायचं. अकराजणींत स्टिका होत्या आठ. त्या जालंधरहून यायच्या, तुतीच्या लाकडाच्या. रेशमाचे किडे जिची पानं खातात तीच तुती. तडा गेला की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आम्ही तीच स्टिक पुन्हा वापरायचो. नडगीला मार बसू नये म्हणून मोज्यात वहीचे पुठ्ठे घालायचो. पाळीच्या दिवसांत कापडाची घडी घेऊन अख्खा सामना पळायचो, आणि डाग पडला तर एकमेकींच्या मागं उभं राहून घरी यायचो. हे आपल्यातल्या कितीतरी जणींना सांगायला नको.

आमचे खेळाचे सर पाऊस पडला की वर्गात बसवून गोष्टी सांगायचे. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्यात पहिल्यांदाच महिलांची हॉकी होती, आणि आपल्या मुलींनी सोनं जिंकलं. कर्णधार होती एलिझा नेल्सन, जन्म पुण्याचा. सर हे सांगायचे तेव्हा डावरी विचारायची, “सर, पुण्याला जायला एसटीला किती तास लागतात?” आम्ही हसायचो. ती खरंच तास मोजत होती.

ती काही गरीब गाय नव्हती, हेही सांगू. सुरुवातीला ती चेंडू कुणाला द्यायचीच नाही. आम्ही मोकळ्या उभ्या राहून ओरडायचो, आणि ही चौघींना चुकवून पाचवीकडं चेंडू घालवून बसायची. एकदा तालुक्याच्या सामन्यात असंच हरलो. त्या दिवशी आम्ही तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी मैदानावर आली होती. सॉरी वगैरे काही म्हणाली नाही. त्या दिवसापासून चेंडू मात्र द्यायला लागली.

दहावीत असताना राज्याच्या संघाच्या निवड चाचणीसाठी तिला बोलावणं आलं. पोस्टकार्डासारखा एक छापील कागद होता. तो तिच्या घरी पोचला आणि घरात एकच प्रश्न निघाला, “सोबत कोण जाणार?”

तिचे वडील वाईट माणूस नव्हते. पोरगी खेळते याचं त्यांना कौतुकच होतं. पण ऊसतोड चालू होती, स्वतः जाता येत नव्हतं. आई धाकट्याला सोडून निघू शकत नव्हती. शाळेत बाई शिक्षिका होत्या त्या रोज परगावाहून येऊन-जाऊन नोकरी करायच्या. एकट्या सरांबरोबर मुलीला पाठवायला घर तयार नव्हतं, आणि त्यात त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. कुणी नाही म्हटलं नाही. नुसता प्रश्न लटकत राहिला आणि तारीख निघून गेली. ती त्या दिवशी शाळेत आली होती. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा कागद आला. तेव्हा आमच्यातल्या एकीची आजी म्हणाली, “मी जाते की. मला काय काम आहे?” साठी उलटलेली, नऊवारीतली, तालुक्याच्या बाहेर पंढरपूरपलीकडं न गेलेली बाई. तिनं भाकरी-चटणीचं फडकं बांधलं आणि डावरीला घेऊन एसटीत बसली. दोन दिवस ती आजी मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून होती. आल्यावर तिनं आम्हाला सांगितलं, “बायांनो, तिथलं गवत खोटं आहे, त्याला पाणी पाजतात, आणि त्याला वाढ म्हणून नाही.”

ते कृत्रिम गवत होतं. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी त्यावरच खेळली जाते. चेंडू उसळत नाही, सरळ सुसाट जातो, आणि मैदान ओलं ठेवावं लागतं. डावरी त्या दिवसापर्यंत मुरूमावरच खेळलेली. पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दहा मिनिटांत ती तीनदा घसरून पडली. आजी सांगायची, की मग तिनं बूट काढले आणि अनवाणी उतरली. पंचांनी बाहेर काढलं. तेव्हा दुसऱ्या गावच्या एका अनोळखी मुलीनं आपले बूट तिला दिले. एक माप मोठे होते, पुढं बोळे कोंबून घातले. त्या बुटांवर तिची निवड झाली.

राज्याच्या संघातून ती राष्ट्रीय शालेय स्पर्धा खेळून आली. एकदाच. आल्यावर गावानं हार घातला, आणि घरी स्थळं यायला लागली. १९९७ साली, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरी तिला कुणी खेळू नको म्हणून सांगितलं नाही. ती खेळते हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. स्टिक माहेरी राहिली. प्रमाणपत्रं पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, साड्यांच्या खाली गेली.

२००७ साली ‘चक दे इंडिया’ आला. तिच्या घरी टीव्हीवर लागला होता. बघता बघता ती मध्येच म्हणाली, “अशी नाही धरायची स्टिक.” नवरा म्हणाला, “तुला काय माहीत?” तेव्हा लग्नाला दहा वर्षं झाली होती. त्या रात्री तिनं ट्रंक उघडली. कागदांचा वाळवीनं भुगा केला होता. एका कोपऱ्यावरचा शिक्का तेवढा शिल्लक होता.

तिच्या नवऱ्यानं मग तिच्यासाठी धावपळ केली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, तो निर्णय २००५ चा. वय अजून बसत होतं. पण अर्जासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी व्हावी लागते. दुसरी प्रत मिळावी म्हणून दोघं तीन वेळा गाडीभाडं खर्चून गेले. एके ठिकाणी सांगितलं जुनं दप्तर सापडत नाही, दुसरीकडं म्हणाले पहिल्या ठिकाणी जा. चौथ्यांदा जायला पैसे नव्हते. ती आम्हाला म्हणाली, “मी खेळले हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.”

त्यानंतर ती रडत बसली नाही. गावातल्या प्राथमिक शाळेच्या पटांगणात सकाळी पोरींना गोळा करायला लागली. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून स्टिका केल्या, चिंध्या आवळून चेंडू केला. साडीचा ओचा खोचून ती पोरींना शिकवायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिला दुसरे उद्योग नाहीत का? पण त्यांच्याच पोरी सकाळी सहाला दारात उभ्या असायच्या. तिच्या हाताखालच्या दोघी पुढं जिल्ह्याला खेळल्या. आमच्या गटाच्या मेळाव्यात लिंबू-चमचा असला की ती सगळ्यांच्या पुढं, आणि लिंबू हलायचासुद्धा नाही. चमचा अर्थातच डाव्या हातात. तोंडात धरायचा असतो असं सांगून आम्ही तिला दोनदा बाद केलं.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. त्रेचाळीस वर्षांची होती. आजारी पडल्यापासून नऊ दिवसांत सगळं संपलं. आम्हाला जाता आलं नाही. ते दिवस तुम्हीही पाहिले आहेत, जास्त सांगत नाही.

तीन महिन्यांनी टोकियो ऑलिम्पिक होतं. २ ऑगस्टला आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं आणि पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. गोल मारला गुरजित कौरनं, अमृतसरकडच्या एका खेड्यातली मुलगी. कर्णधार होती राणी रामपाल, हरियाणातल्या शाहाबादची, वडील घोडागाडी ओढून घर चालवायचे. पुढं कांस्यपदकाचा सामना ब्रिटनशी ४-३ नं हरलो. आम्ही पाचजणी एका मोबाईलभोवती बसून बघत होतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला की आम्ही एकमेकींकडं बघायचो, कारण आता काय होणार हे आधी सांगणारी तिथं नव्हती.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. म्हणजे आपल्याकडच्या मुरूमावरून तिथवर वाट आहे. पण वाट असली तरी पहिल्या एसटीत कुणीतरी सोबत बसावं लागतं. डावरीचा खेळ कुणी मुद्दाम बंद पाडला नाही. तिला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. एका वेळी सोबतीला माणूस नव्हतं, एका वेळी बूट नव्हते, एका वेळी कागद सांभाळणारं कुणी नव्हतं. एवढ्याएवढ्या गोष्टी. आणि जेव्हा आजी उठली, तेव्हा ती राज्याच्या संघात गेली. तीच मुलगी, तोच हात.

म्हणून तिच्या नावानं ढाल-बिल ठेवायचं आम्ही मनातून काढून टाकलं. त्याऐवजी गटात तीन कामं वाटून घेतली आहेत. पहिलं, गावातल्या कुठल्याही मुलीला खेळासाठी बाहेर जायचं असेल आणि घरचं कुणी मोकळं नसेल, तर आमच्यातली एक जाते. पाळी लावून घेतली आहे, त्या दिवशी तिच्या घरची म्हैस दुसरी बघते. दुसरं, गटाच्या पैशातून बुटांचे चार जोड घेतले आहेत, वेगवेगळ्या मापांचे. ज्या मुलीला लागतील तिनं न्यायचे, धुऊन परत आणायचे. तिसरं, प्रत्येक खेळणाऱ्या मुलीची एक प्लास्टिकची फाईल केली आहे. मूळ प्रमाणपत्र, दोन झेरॉक्स, आणि मोबाईलवर काढलेला फोटो तिघींकडं. लग्न ठरलं, तर रुखवतात ती फाईल वर ठेवायची आणि सासरच्यांच्या हातात द्यायची, असं आम्ही आयांना सांगतो. हसतात, पण देतात.

तुमच्या गावात असं करायचं असेल, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा जाऊन या. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीला चालतं, पडताळणी कशी करून घ्यायची, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण कसे मिळतात, हे तिथं विचारा. नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षी विचारा. राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी आहेत, पुण्याला बालेवाडीतही आहे. तिथं चाचणी घेऊन मुलं-मुली निवडतात, राहणं-खाणं-शिक्षण तिथंच. चाचणीची तारीख कधी असते, तेही विचारून ठेवा. तारीख वर्गातल्या फळ्यावर लिहून चालत नाही, आईला माहीत असावी लागते.

डावरीची धाकटी मुलगी आता सकाळी त्या पटांगणात उभी असते. तीही डावखुरी आहे. मागच्या महिन्यात एक लहान पोरगी तिच्याकडं आली, आणि तिची आई लांबूनच विचारत होती, की पुढं स्पर्धेला वगैरे न्यायचं झालं तर कसं? आमच्यातली एकजण तिथं गवताचा भारा घेऊन चालली होती. भारा न उतरवताच ती म्हणाली, “मी जाईन.”

तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की एवढंच विचारा, आपल्या गावात कोण कोण मुली खेळतात, आणि त्यांच्यासोबत जायला आपल्यातलं कोण आहे. नावं लिहून घ्या.